फिर्यादीखालची सही

बत्तीस वर्षांच्या नोकरीतले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंच कुठल्या खटल्यातला, हेसुद्धा कधीकधी सांगता येत नाही. तो एक गुन्हा मात्र सकाळच्या हजेरीपासून जसाच्या तसा लक्षात आहे. त्यातल्या माणसांची नावे मी इथे घेणार नाही. दोघे जण अजून याच शहरात राहतात.

तेव्हा मी शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. दौलताबाद रस्त्याला पडेगावच्या बाजूच्या काही वसाहती आमच्या हद्दीत येत. उन्हाळ्याचे दिवस होते. हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीवरून फोन होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक वृद्धा बेशुद्ध अवस्थेत दाखल झाली होती. तिची देखभाल करणाऱ्या बाईने तिला रिक्षातून आणले होते. न्हाणीत पाय घसरला, असे बाईचे म्हणणे होते. डॉक्टरांना मात्र डोक्यामागच्या जखमेबरोबर दोन्ही दंडांवर बोटांचे वळ दिसले, म्हणून त्यांनी कळवले होते.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन मी निघणार, तोच दुसरा फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

"साहेब, त्या म्हातारीकडं जी बाई कामाला हाय ना, ती हर्सूलला राहून आलेली हाय. तुमच्या दप्तरात बघा."

"तुम्ही कोण?"

"शेजारी समजा," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

आमच्या शहरात कुणी हर्सूलला राहून आला म्हटले की तिथल्या तलावाकाठी त्याचे घर होते, असे कुणी समजत नाही. मध्यवर्ती कारागृह तिथे आहे. मी जुने रेकॉर्ड काढायला सांगितले. आमचा रायटर, म्हणजे ठाण्यातले लेखी काम बघणारा हवालदार, जुना, कामाचा माणूस. अर्ध्या तासात त्याने नोंद शोधली. बसस्थानकावर प्रवासी बायकांच्या पर्स आणि गळ्यातले चोरणाऱ्या टोळीत ती होती. चौदा वर्षांपूर्वी शिक्षा झाली होती, अडीच वर्षांची.

"साहेब, रक्तातच असतंय हे," हवालदार म्हणाला. "हिची आई बी त्याच धंद्यात व्हती. खाण तशी माती."

मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. नंतरच्या चौदा वर्षांत तिच्या नावावर एकही नोंद नव्हती, हे त्याच कागदावरून कळत होते. पण कोऱ्या जागेकडे पोलिसाचे लक्ष सहसा जात नाही. माझेही गेले नाही.

घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः केला. दोन खोल्या, मागे छोटी न्हाणी. वृद्धा निवृत्त शिक्षिका होती. तीसेक वर्षे मराठी शिकवलेली. घराण्यात निजामाच्या काळापासून कारकुनी होती, असे शेजाऱ्यांनी सांगितले. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, पन्नाशीला आलेला, अविवाहित, वाळूजच्या एका कारखान्यात तयार सुटे भाग मोजून तपासण्याच्या कामावर. वृद्धेला सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश होता. ते त्या घरात पाऊल टाकताच कळत होते. प्रत्येक दाराची कडी हात पुरणार नाही इतक्या वर लावलेली. गॅसच्या शेगडीची बटणे काढून ठेवलेली. आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला. न्हाणीच्या दगडी उंबऱ्याच्या फटीत रक्त होते, पण फरशी स्वच्छ धुतलेली होती. दोन्ही गोष्टी मी पंचनाम्यात लिहून घेतल्या. फरशी कुणी धुतली असेल, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

मुलगा दुपारी ठाण्यात आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, केस नीट विंचरलेले. मी त्याला माझ्या केबिनमध्ये खुर्ची दिली, पाणी दिले, चहा मागवला. त्याने सांगितले की पहिल्या पाळीला तो सहा वाजता घर सोडतो. बाई पावणेसहाला येते. त्या दिवशीही तसेच झाले.

"तुमचा तिच्यावर संशय आहे?" मी विचारले.

त्याने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मी घरात नव्हतो."

"म्हणजे आईजवळ ती एकटीच होती."

"हो."

मी त्याची फिर्याद घ्यायला लावली. रायटरने ती लिहून वाचायला दिली. त्याने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एके ठिकाणी 'स्मृतिभ्रंश'मधला ऱ्हस्व-दीर्घाचा काहीतरी घोळ होता, तो पेन मागून दुरुस्त केला आणि खाली वळणदार सही केली. शिक्षिकेचा मुलगा शोभतो, असे माझ्या मनात आले.

ती बाई तोपर्यंत शेजारच्या खोलीत फरशीवर बसून होती. वय चाळीसच्या आसपास, अंगाने किरकोळ. तिला खुर्ची दिली पाहिजे, असे कुणाला सुचले नाही. मी तिच्याशी एकेरीतच बोलत होतो.

"खरं सांग. काय झालं?"

"पाय घसरला त्यांचा."

"मग दंडावर वळ कसे?"

"धराया गेले म्या. तवा उमटले असतील."

"तुझी जुनी केस मला माहीत आहे."

"ठाऊक असणारच की साहेब. तुमच्याकडंच व्हती ती."

दोन तास हेच चालले. शेवटी मी उठलो आणि आमच्या महिला हवालदाराला म्हणालो, "हिला जरा समजावून सांगा." या वाक्याचा अर्थ ठाण्यात सगळ्यांना कळतो. मी केबिनमध्ये येऊन बसलो. मुलगा अजून तिथेच होता. पुन्हा चहा आला. मधली भिंत पातळ होती. पहिला आवाज आला तेव्हा त्याच्या हातातला कप जागीच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी कागद चाळत राहिलो. मग त्याने कप ओठाला लावला.

वीस मिनिटांनी हवालदार बाई दारात आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "कबूल झाली, सर," म्हणाल्या.

मी आत गेलो. बाईचा गाल सुजला होता.

"व्हय. म्या ढकललं," ती म्हणाली. "लई तरास द्यायच्या. राग आला."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, हे नव्या उपनिरीक्षकालाही माहीत असते. तरी तो मिळाला की तपास संपल्यासारखा वाटतो. मी अटक दाखवली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. चौदा वर्षे दबून राहिलेला मूळ स्वभाव वर आला, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला होता, आणि त्यात मीही होतो.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरी मारत असताना तिने मला हाक मारली. मला वाटले, सुटकेचे काही बोलेल.

"साहेब, बाईंना नळीतून देयाला लागले का?"

"का?"

"उजव्या कुशीवर त्यांना उचकी लागती. डाव्या कुशीवर निजवा म्हनावं. आन् कानाशी बोलायचं तर जरा वरच्या पट्टीत. डाव्या कानानं ऐकू येत नाय त्यांना."

कोठडीतल्या माणसाचे नाटक मी भरपूर पाहिलेले आहे. रडणे, शपथा, छातीत कळ, सगळे. पण नाटक करणारा समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतो, परिणाम होतो का ते तपासत असतो. ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला ती माहिती दवाखान्यात पोहोचवायची होती, एवढेच. मी दवाखान्यात फोन लावून निरोप दिला आणि केबिनमध्ये आल्यावर प्रथमच सगळे कागद पहिल्यापासून वाचून काढले.

मुलगा घरात नव्हता, हे दाखवणारा कागद अजून यायचा होता. दोषारोपपत्राला लागतो म्हणून एका शिपायाला वाळूजला पाठवले होते. तो संध्याकाळी परतला तो कारखान्याच्या गेटवरची नोंद घेऊन. मुलगा त्या दिवशी कंपनीच्या बसला नव्हताच. दुचाकीवर आला होता, आणि गेटवर वेळ होती सात वाजून बारा मिनिटे. दवाखान्यातल्या दाखल नोंदीवर वेळ होती सहा चाळीस. मी अंतरे मांडली. घरापासून दवाखाना रिक्षाने वीस मिनिटांवर, कारखाना दुचाकीने पस्तीस मिनिटांवर. रिक्षा म्हातारीला घेऊन दारातून निघाली, तेव्हा मुलगा घरातच होता. ती गेल्यावर मागे तो एकटाच उरला होता, म्हणजे फरशी त्यानेच धुतली होती.

शिपाई हुशार होता. त्याने पर्यवेक्षकालाही विचारले होते की त्या दिवशी हा माणूस कसा वाटला. पर्यवेक्षक म्हणाला होता, नेहमीसारखाच. आईबद्दलचा फोन येईपर्यंत मान खाली घालून मोजमापे घेत होता. दोन नग नापास केले, ते खरोखरच नापास होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची आई गेली. शवविच्छेदन, अंत्यसंस्कार हे सगळे होईपर्यंत मी थांबलो. बाईला तोवर न्यायालयीन कोठडीत हर्सूलला पाठवले होते. तिसऱ्या दिवशी मी मुलाला बोलावले. तो धोतराचा सोगा सावरत आला, डोके मुंडलेले. मी गेटवरची नोंद त्याच्यापुढे ठेवली. त्याने फिर्याद वाचली होती तशीच ती बोट ठेवून वाचली.

"पाणी मिळेल?" त्याने विचारले.

पाणी पिऊन तो बोलायला लागला. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

"सहा वर्षं, साहेब. रोज पहाटे चारला ती उठायची आणि विचारायची, माझा मुलगा कुठंय. मी म्हणायचो, आई, मीच तुझा मुलगा. ती म्हणायची, तुम्ही चोर आहात, माझ्या मुलाला कुठं ठेवलंय ते सांगा. कधी काठी मारायची, कधी चावायची. मग पाच मिनिटांनी शांत. पुन्हा तेच. त्या दिवशी मी कपडे घालून निघालो, तर ती न्हाणीच्या दारात आली आणि माझ्या शर्टावर थुंकली. म्हणाली, माझ्या मुलाला मारलंत तुम्ही. मी तिचे दंड धरले. तिला हलवत म्हणत होतो, मी आहे, मी आहे, बघ ना माझ्याकडे. मग... सोडली असं नाही म्हणणार. ढकलली."

"आणि बाई?"

"मागच्या दारानं आत आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. आधी आईचा श्वास बघितला, पदर फाडून जखम बांधली. रिक्षा बोलावली. मला म्हणाल्या, दादा, तुमी कामाला जा. म्या बघती."

"आणि तुम्ही गेलात."

"फरशी पुसली आणि गेलो."

मी फिर्यादीचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. मग विचारले, "फिर्यादीवर सही का केली?"

त्याने खालच्या सहीवर बोट ठेवले. "मला वाटलं होतं, त्या खरं सांगतील. सांगावं असंही वाटत होतं. भिंतीपलीकडून आवाज आला तेव्हा मी उठणार होतो. मग त्यांनी कबूल केलं असं कळलं, आणि मला बरं वाटलं, साहेब."

इतका खरा जबाब मी नोकरीत फार थोड्या वेळा ऐकला. पुढे त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही हेच सांगितले. बाईविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात सादर केला आणि तिला सोडण्याचा आदेश निघाला. खटल्यात ती साक्षीला आली तेव्हा म्हणाली, "म्या चुलीपाशी व्हते, काय दिसलं नाय." त्या घरात चूल नव्हतीच. सरकारी वकील चिडले. पण आरोपीने स्वतःच गुन्हा कबूल केला, त्यामुळे तिच्या साक्षीवाचून काही अडले नाही. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला काही वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्याच्या शिक्षेच्या दुसऱ्या वर्षी एका वेगळ्या गुन्ह्यातल्या कैद्याचा जबाब घ्यायला मी कारागृहात गेलो होतो. तो मुलगा तिथे निरक्षर कैद्यांचे अर्ज लिहून देत असे. मला बघून उभा राहिला. मी तब्येत विचारली. जाता जाता तो म्हणाला, "साहेब, ढकलल्याची शिक्षा चालू आहे. सहीची कुणी दिलीच नाही."

माझ्याही खात्यावर त्या दिवसाचे एक वाक्य होते आणि त्याबद्दल मलाही कुणी काही विचारले नव्हते. हवालदार बाई मात्र स्वतःहून त्या बाईच्या घरी मलम घेऊन जाऊन आल्या होत्या. मला ते फार उशिरा कळले.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिचा पत्ता काढून गेलो. ती आता दुसऱ्या एका आजीबाईंची देखभाल करते. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळस आणि कोरफड. तिने मला ओळखले, आत बोलावले, खुर्ची दिली. मी खुर्चीत बसलो, ती उंबऱ्यावर बसली. तुम्ही वर बसा म्हटले, तर म्हणाली, "हितं वारं लागतंय."

मी विचारले, "तुम्ही तेव्हा स्वतःवर का घेतलं?"

"मला जेल ठाऊक हाय साहेब. त्यांना नाय. ते तिथं मेले असते असं वाटलं मला. आन् बाई जगल्या असत्या तर त्यांना पोरगं नको व्हतं का जवळ?" मग म्हणाली, "म्या लई चांगली हाय म्हणून नाय केलं. त्या बाईंनी मला घराची किल्ली दिली व्हती, डोकं ठिकाणावर असताना. सगळं ठाऊक असून दिली व्हती. कुणी दिली नव्हती मला तोपातूर."

"त्याचा राग नाही येत? त्यानं तुमच्याविरुद्ध फिर्याद दिली."

"आला ना. लई आला. आत बसून म्या त्याला शिव्या दिल्या." ती थोडे हसली. "पर ढकललं त्याचा नाय आला. माझा बी हात उठायचा, साहेब. धा वेळा उठला असंल. तवा म्या भायेर जाऊन बसायची. रोज सांजच्याला घरी बी जायची. त्याला कुठं जायला जागाच नव्हती."

मला वाटले, हीच तिच्या स्वतःच्या चोऱ्यांचीही हकिगत असणार. मी तसे बोललोही. गरिबी, आईचा धंदा, लहान वयात लग्न, अशी कारणे मीच तिच्यासाठी मांडली. तिने मान हलवली.

"नाय. पोटासाठी केली असं वकिलानं सांगितलं व्हतं कोर्टात. तसं नव्हतं. घरी खायला व्हतं. मला आवडायचं ते. समोरच्या बाईला कळायच्या आत हात मारायचा, त्याची मजा वाटायची. आईनं शिकवलं व्हय, पर धाकटी बहीण बी त्याच आईची. तिनं कधी दुसऱ्याच्या टोपल्यातलं वांगं बी उचललं नाय."

"मग सोडलं कसं?"

"सोडलं," ती म्हणाली. त्यापलीकडे तिला सांगण्यासारखे काही नव्हते, किंवा ते मला सांगावेसे तिला वाटले नाही.

कॉलनीतले लोक मला अनेकदा विचारतात, साहेब, तुम्ही इतके गुन्हेगार पाहिले, माणूस जन्मतःच वाईट असतो की परिस्थिती त्याला तसा करते? पूर्वी माझ्याकडे उत्तर तयार असायचे. आता मी जपून बोलतो. एका आईच्या पोटी दोन मुली दोन तऱ्हेच्या निघालेल्या मी ऐकल्या. पन्नास वर्षे कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस सहा वर्षांच्या जागरणाने कुठे जाऊन पोहोचला, तेही पाहिले. ते ढकलणे परिस्थितीने केले, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण फिर्याद लिहून व्हायला पाऊण तास लागला होता. पंखा चालू होता, कुणी घाई करत नव्हते. त्या पाऊण तासाचा दोष परिस्थितीवर टाकायला मन घेत नाही. माझ्या बाबतीत तर तेवढीही सवलत नाही. मला आईने चावले नव्हते, माझी झोप झालेली होती, वरून कसला दबाव नव्हता. शेजारच्या खोलीत एक किरकोळ बाई बसली होती आणि तिच्याशी असे वागायला हरकत नाही, हे मला कुणी शिकवल्याचे आठवत नाही. मी जन्मतः तसा होतो की नोकरीत झालो, हे मलाच ठरवता आलेले नाही, तर दुसऱ्याबद्दल काय सांगू? एवढे मात्र झाले की त्या तपासानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात आलेल्या प्रत्येकाला मी खुर्ची दिली आणि 'समजावून सांगा' हे शब्द तोंडातून काढले नाहीत. माझ्या ठाण्यात गुन्ह्यांचा निकाल कमी लागतो, असे लोक म्हणाले. म्हणू दिले.

त्या दिवशी तिच्या घरून निघताना मी उभा राहिलो. ज्या कामासाठी गेलो होतो, ते अजून झाले नव्हते. माझ्या घरून येताना जुळवलेली वाक्ये आठवेनात.

"त्या दिवशी तुम्हाला मारलं, ते माझ्या सांगण्यावरून," मी म्हणालो. "मी माफी मागायला आलोय."

तिने उंबऱ्यावरून उठून मला जायला वाट करून दिली.

"आलात ते बरं केलं," ती म्हणाली.

माफ केले, असे ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारले नाही.